अँटिगनी मामाची माफी मागणार नाही

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
स्नेहसंमेलन समिती

सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयाचं नाव वर लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. ज्या मुलामुलींबद्दल हे पत्र आहे त्यांचे अंतर्गत गुण, प्रात्यक्षिकं आणि बोनाफाइड सर्टिफिकिटं तुमच्या हातात आहेत. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. बाकीच्यांनी आपापल्या गावातलं महाविद्यालय तिथे घालून वाचलं तरी फारसं अडणार नाही.

मी इथे २९ वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त होऊन ३ वर्षं झाली, पण नाट्यमंडळाची मुलं अजून घरी येतात, चहा पितात, संहिता दाखवतात. या वर्षी त्यांनी प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजची ‘अँटिगनी’ काढली तेव्हा खरं सांगायचं तर मीच कच खाल्ली. म्हटलं, अरे, गॅदरिंगला शिट्ट्या मारणारं पब्लिक असतं, एखादी विनोदी एकांकिका घ्या. ऐकलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून आपल्या भागातल्या मराठीत पन्नास मिनिटांची संहिता केली. ती तुम्ही तपासली, प्रत्येक पानावर शिक्का मारला. दिवाळीनंतर तालमी सुरू झाल्या. आणि गॅदरिंगला सहा दिवस उरले असताना नोटीस आली. चार ओळींची. त्यातल्या दोन अशा:

‘सदर नाटकातील मुलीचे पात्र वडीलधाऱ्यांचा अवमान करणारे असून विद्यार्थिनींसमोर अनुचित आदर्श ठेवणारे आहे. शेवटी तिने मामाची क्षमा मागितल्याचे दाखविल्यास सादरीकरणाचा विचार करता येईल.’

हे पत्र या दोन ओळींना उत्तर आहे. उघड लिहिते आहे, कारण बंद पाकिटातली दोन पत्रं तुमच्या कार्यालयात पडून आहेत.

ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट सांगते. (समितीतल्या किती जणांनी वाचलं आहे, ते विचारत नाही.) थीब्ज नावाचं नगर. राजा इडिपस गेल्यावर त्याचे दोन मुलगे गादीवरून भांडले. पॉलिनायसिस आर्गोसचं परकं सैन्य घेऊन स्वतःच्याच नगरावर चालून आला, एटिओक्लीस आतून लढला, आणि वेशीवर दोघांनी एकमेकांना मारलं. सत्ता गेली त्यांच्या आईच्या भावाकडे, क्रेऑनकडे. त्याने हुकूम काढला की एटिओक्लीसला मानाने पुरायचं आणि पॉलिनायसिसचं प्रेत उघड्यावर टाकायचं, कुत्र्यांनी-गिधाडांनी खायचं. जो कोणी त्याला माती देईल त्याला दगडांनी ठेचून मारायचं. त्या दोघांची बहीण अँटिगनी जाते आणि माती देते.

क्रेऑन हा तिचा सख्खा मामा. शिवाय त्याचा मुलगा हायमॉन याच्याशी तिचं लग्न ठरलेलं, म्हणजे होणारा सासराही तोच. आपल्याकडे मुलगा मामाची मुलगी करतो, इथे मुलगीच मामाच्या घरी सून म्हणून जायची आहे. तालमीत हे नातं उलगडलं तेव्हा मुलं खूप हसली. मग त्यांच्या लक्षात आलं की या पोरीला माहेर, सासर आणि सरकार अशा तिन्ही ठिकाणी एकच माणूस आहे.

आता मी यात का पडले ते सांगते, म्हणजे उगाच कोणी ‘मॅडमना निवृत्तीनंतर उद्योग नाही’ म्हणायला नको.

१९९४ साली माझे वडील गेले. भाऊ मस्कतला नोकरीला होता, त्याला पोचायला दोन दिवस लागणार होते. मी घरातच होते. तेव्हा ३२ वर्षांची, पगारदार, दवाखान्यात शेवटचे अकरा दिवस मीच उशाशी बसलेली. अग्नी कोणी द्यायचा यावर ओट्यावर पुरुषांची चर्चा झाली, आणि ज्या चुलतभावाला वडिलांनी चार वर्षं घराची पायरी चढू दिली नव्हती त्याच्या हातात शिंकाळं गेलं. मी उंबऱ्यापर्यंत गेले तेव्हा आत्याने माझं मनगट धरलं. जोरात नाही. तिच्या बांगड्या माझ्या हाताला टोचत होत्या आणि मडक्यातल्या गोवऱ्यांचा धूर दारातून आत येत होता, एवढंच आठवतं. मी थांबले.

अँटिगनीला एक बहीण आहे, इस्मिनी. नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात ती म्हणते, आपण बायका आहोत, पुरुषांशी लढायला जन्मलेल्या नाही. वर्गात मुलं इस्मिनीला भित्री म्हणायची. मी कधी म्हणू दिलं नाही.

पुढे २०१४ मध्ये परळीत पंकजा मुंडे यांनी वडिलांना अग्नी दिला तो सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिला. २०१८ मध्ये दिल्लीत अटलबिहारी वाजपेयींना त्यांच्या मानसकन्येने दिला. त्या दोन्ही वेळी तुमच्यापैकी कोणी ‘अनुचित आदर्श’ म्हटल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

माझी पहिली तक्रार ‘अवमान’ या शब्दाबद्दल आहे, आणि ती जरा लांब आहे.

हे नाटक अथेन्समध्ये इ.स.पू. ४४१ च्या सुमारास झालं. त्या काळच्या अथेन्समध्ये बाईला स्वतःच्या नावावर कसलाही मोठा व्यवहार करता येत नसे. बाप, नवरा, भाऊ, कोणी ना कोणी तिचा पालक असे. पण एक काम होतं जे घरातल्या बायकांचंच होतं: मेलेल्या माणसाला आंघोळ घालणं, तेल लावणं, कपडे नेसवणं, त्याच्याभोवती उभं राहून शोक करणं. हे काम इतकं त्यांचं होतं, आणि त्या शोकाचा आवाज इतका मोठा होता, की सोलोनसारख्या कायदे करणाऱ्याने त्यावर निर्बंध घातले होते. म्हणजे अँटिगनी काही तलवार घेऊन निघालेली नाही. तिला गादी नको आहे. ती आपल्या आईने-आजीने केलं असतं तेच काम करते आहे. चूल आणि मूल यांच्या शेजारी त्या समाजाने बाईच्या हातात तिसरी गोष्ट दिली होती, ती म्हणजे मयत. ती तिने उचलली.

मग बिघडलं कुठे? ती ते घराबाहेर करते. हुकूम मोडून करते. कोणाला न विचारता करते. आणि पकडल्यावर मान खाली घालत नाही. क्रेऑन विचारतो, हे तू केलंस? ती म्हणते, केलं, नाकारत नाही. हुकूम माहीत होता? होता, सगळ्यांनाच होता. पण तो काही देवांचा राजा झ्यूसने काढला नव्हता, आणि देवांचे न लिहिलेले कायदे तुझ्या दवंडीने रद्द होतील एवढं तुझ्या दवंडीचं वजन मला वाटलं नाही. माझ्या मते सगळ्या नाटकात हाच प्रवेश खरा. आमच्या संहितेत तो आठ मिनिटांचा आहे. तुम्ही ज्याला अवमान म्हणता तो बहुधा हाच. पण यात एकही शिवी नाही, आवाज चढवणं नाही. विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर आहे. वडीलधाऱ्यांना खरं उत्तर देणं हा अवमान असेल, तर तोंडी परीक्षा बंद करा.

माती देण्याचा प्रसंग आपल्याला रंगमंचावर दिसत नाही, पहारेकरी येऊन सांगतो. धुळीचं वादळ ओसरलं आणि पोरगी दिसली. परत आलेल्या पाखराला घरटं रिकामं दिसावं तशी ती ओरडत होती. मग तिने ओंजळीने कोरडी माती आणली आणि काशाच्या कलशातून तीनदा धार सोडली. आम्ही मात्र हा प्रसंग मागच्या बाजूला मूकपणे दाखवायचं ठरवलं. अँटिगनी करणारी मुलगी शेतकऱ्याच्या घरची. पहिल्या दिवशी तिने माती अशी फेकली जसं आपण युरिया फेकतो, मनगटाला झटका देऊन. सगळे हसले. दुसरी एक मुलगी हसली नाही. तिच्याकडे पुरायची रीत आहे. ती पुढे आली, खाली बसली, मूठ जमिनीपासून वीतभर अंतरावर आणली आणि बोटं एकेक करून सैल सोडली. माती पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. म्हणाली, ‘आजोबांना अशी दिली होती. वरून टाकायची नसते, त्यांना लागेल.’ मराठीत आपण मूठमाती हा शब्द सर्रास वापरतो, जुन्या चालींना मूठमाती, वैराला मूठमाती. त्या संध्याकाळी तो शब्द मी पहिल्यांदा पाहिला.

तुम्ही रद्द केलेल्या पन्नास मिनिटांत हे होतं.

दुसरी तक्रार अशी की तुमची नोटीस क्रेऑनच्या तोंडची आहे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, संहिता काढून बघा. सुरुवातीला क्रेऑन अगदी शहाण्यासारखा बोलतो. नगर युद्धातून नुकतंच वाचलं आहे, शिस्त हवी, मित्रापेक्षा देश मोठा, वगैरे. ऐकणाऱ्याला पटतं. हुकूम मोडणारी मुलगी आहे हे कळल्यावर मात्र त्याची भाषा घसरत जाते. आधी म्हणतो, हिला हे पचलं तर पुरुष मी नव्हे, हीच. मग म्हणतो, मी जिवंत आहे तोवर बाईचं राज्य चालणार नाही. पुढे मुलाला सांगतो, हरायचंच असेल तर पुरुषाकडून हरावं, बायकांपुढे दुबळे ठरलो असं कोणी म्हणायला नको. आणि हायमॉनच्या होणाऱ्या बायकोला मारणार का असं इस्मिनी विचारते तेव्हा उत्तर देतो, नांगरायला दुसरीही शेतं आहेत. हे वाक्य आम्ही संहितेत ठेवलं. क्रेऑन करणारा मुलगा पहिल्या तीन तालमींत ते गिळायचा.

म्हणजे राज्याच्या सुरक्षेपासून सुरू झालेलं भांडण ‘बाईने ऐकलं नाही’ इथे येऊन थांबतं. सोफोक्लीजने हे काही भाषण देऊन सांगितलेलं नाही, राजाच्या तोंडून एकेक वाक्य निसटू दिलं आहे. तुमच्या नोटिशीतही आधी ‘महाविद्यालयाची शिस्त’ आहे, शेवटी ‘विद्यार्थिनींसमोर’. विद्यार्थ्यांसमोर का नाही? गादीसाठी भावाचा जीव घेणारे दोन मुलगे याच नाटकात आहेत. त्यांच्यापासून मुलांसमोर कसला आदर्श ठेवला जातो, याची काळजी कोणालाच वाटली नाही.

तिसरी तक्रार माफीची. ही तर करताच येत नाही, आणि केवळ माझ्या हट्टामुळे नव्हे.

नाटकाचा सगळा उत्तरार्ध क्रेऑनच्या चुकीवर उभा आहे. तो अँटिगनीला दगडांऐवजी खडकातल्या गुहेत जिवंत चिणायची शिक्षा देतो, आत थोडं अन्न ठेवून, म्हणजे खुनाचं पाप नगराला लागायला नको. मग आंधळा द्रष्टा टायरेसिअस येतो आणि सांगतो की तुझ्या हुकमामुळे कुत्र्या-पाखरांनी प्रेताचे तुकडे वेदीवर आणून टाकले आहेत, देव नैवेद्य घेईनासे झाले आहेत. क्रेऑन हबकतो. नगरातले म्हातारे सांगतात, आधी मुलीला सोडव, मग प्रेत पूर. तो जातो, पण उलट्या क्रमाने करतो. आधी प्रेत, मग मुलगी. गुहेपाशी पोचतो तोवर ती गेलेली असते. हायमॉन बापावर धावून जातो, वार चुकतो आणि तो स्वतःला संपवतो. ही बातमी ऐकून राणी युरिडिसी जीव देते, जाताना नवऱ्याला शाप देऊन. क्रेऑन एकटा उरतो आणि स्वतःच्या तोंडाने म्हणतो, चूक माझी.

आता यात अँटिगनीने कुठे आणि कशाची माफी मागायची? तिने मागितली तर टायरेसिअस कोणाला रागावायला येणार? चूक कबूल करणारा माणूस नाटकात आधीच आहे. तो मामा आहे. तुम्ही माणूस बदलायला सांगता आहात.

हायमॉनच्या एका वाक्यावर थोडं थांबते. बापाची समजूत काढताना तो म्हणतो, पुराच्या काठावरची जी झाडं वाकतात त्यांच्या फांद्या वाचतात, जी ताठ राहतात ती मुळासकट जातात. मुलं लगेच म्हणाली, मॅडम, हे तर तुकोबा! ‘महापुरे झाडे जाती तेथे लव्हाळे वाचती.’ हो, चित्र तेच. पण आपल्या घरांतून ही ओळ कोणाला ऐकवली जाते? मला लग्नाच्या आदल्या रात्री आईने ऐकवली, आणि पाठवणीच्या वेळी पोरींच्या कानात ती सांगितलेली मी किती वेळा ऐकली आहे. तुकोबांनी ती देवाकडे लहानपण मागताना लिहिली, सुनेला वाकवायला नाही. आणि सोफोक्लीजने वाकण्याचा सल्ला खुर्चीवर बसलेल्या पुरुषाला दिला आहे. हे मला इतकी वर्षं शिकवून लक्षात आलं नव्हतं. एफ.वाय.च्या मुलांमुळे आलं.

नोटिशीत नसलेले, पण स्टाफरूममध्ये तोंडी सांगितलेले तीन आक्षेपही कानावर आले आहेत. त्यांचीही उत्तरं देते.

‘देशद्रोह्याची बाजू घेतली आहे.’ नाही घेतली. पॉलिनायसिस चुकला नाही असं अँटिगनी कुठेच म्हणत नाही. ती म्हणते, मेलेला आहे आणि भाऊ आहे. रावण पडल्यावर बिभीषण अंत्यसंस्कार करायला कां-कूं करू लागला तेव्हा रामाने त्याला काय सांगितलं? मरणान्तानि वैराणि. वैर मरणापाशी संपतं. रामायणात जे खुद्द विजेता सांगतो ते इथे एका पोरीला जीव देऊन सांगावं लागतं, फरक एवढाच.

‘आत्महत्या दाखवता येणार नाही.’ हा आक्षेप मी थट्टेवारी नेत नाही. आपल्या महाविद्यालयाने एक मुलगा गमावलेला आहे, ते मला माहीत आहे. पण ग्रीक शोकांतिकेत मरण सहसा रंगमंचावर होत नाही, दूत येऊन सांगतो. आमच्या संहितेत दूताच्या भाषणातून ‘कसं’ हा भाग आम्ही आपणहून काढलेला आहे, पान २७. शिक्का तुमचाच आहे तिथे.

‘परकं नाटक कशाला?’ आगरकरांनी १८८३ मध्ये हॅम्लेटचं ‘विकारविलसित’ केलं, शिरवाडकरांनी १९५४ मध्ये मॅक्बेथचं ‘राजमुकुट’ केलं. मराठी रंगभूमी बाहेरचं आणून आपल्या मातीत लावतच मोठी झाली. आणि ही बाई तितकीशी परकी नाहीच. मरायला निघताना ती एक विचित्र गोष्ट बोलते: नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केलं नसतं, नवरा दुसरा मिळाला असता, मूलही झालं असतं, पण आईबाप गेलेले, आता भाऊ पुन्हा कुठून होणार? हे वाचून थोर जर्मन कवी ग्योथे इतका अस्वस्थ झाला की या ओळी प्रक्षिप्त असल्याचं कोणी तरी सिद्ध करावं अशी त्याची इच्छा होती. आपल्याला एवढं दचकायचं कारण नाही. पाली जातकांत उच्छंग जातक आहे. तिथे एका बाईचा नवरा, मुलगा आणि भाऊ असे तिघे पकडले जातात. राजा म्हणतो, एकाला सोडतो, कोण हवा? ती भाऊ मागते, आणि कारण हेच देते. जात्यावरच्या ओव्यांमध्ये भावासाठी जेवढा जीव टाकला आहे तेवढा नवऱ्यासाठी नाही, हे तर माझी अशिक्षित आजीसुद्धा सांगू शकली असती.

आता ‘आदर्श’. अँटिगनी आदर्श आहे असं आम्ही म्हटलेलंच नाही. मला ती पुष्कळदा आवडतही नाही. इस्मिनी नंतर येऊन म्हणते, मलाही तुझ्याबरोबर मरू दे, तेव्हा अँटिगनी तिला इतकं तोडून बोलते की वाचताना मला अजून राग येतो. हायमॉनशी तर ती अख्ख्या नाटकात एक शब्द बोलत नाही. आणि गुहेकडे नेताना ती रडते. लग्न झालं नाही, मूल मांडीवर घेतलं नाही, कोणी रडायलाही नाही. आमच्या मुलीने तालीम थांबवून विचारलं, ‘मॅडम, मघाशी एवढी ताठ होती, आता का रडते? घाबरली का?’ मी म्हटलं, घाबरली असणार, तुझ्याएवढीच तर आहे. ती म्हणाली, ‘मग जमेल मला.’ आदर्श दाखवायचा असता तर हा रडण्याचा भाग पहिल्यांदा कापला असता.

पर्याय म्हणून तुम्ही ‘एकच प्याला’मधला सिंधूचा प्रवेश सुचवलात. गडकऱ्यांवर माझं प्रेम आहे, ते नाटक मी निम्म्याहून जास्त पाठ म्हणू शकते. पण तुम्हाला सिंधू हवी आहे ती सोसते म्हणून. त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे, दारुड्या नवऱ्याला फाडफाड बोलणारी. गडकऱ्यांनी दोघी शेजारी शेजारी उभ्या केल्या, त्या उगाच नाही. गीतेचा प्रवेश चालेल का, असं आमच्या मुलांनी विचारलं तेव्हा ‘बघू’ असं उत्तर आलं. जाता जाता एक गंमत: पहिली सिंधू बालगंधर्वांनी केली, आणि अथेन्समधली पहिली अँटिगनीही मुखवटा चढवलेल्या पुरुषानेच. तिथे स्त्रियांना रंगमंचावर उभं राहताच येत नसे. आपल्या हॉलमध्ये खरी मुलगी उभी राहणार होती.

हे नाटक याआधी कोणाकोणाच्या हातून सुटून आलं आहे तेही ऐका. १९४४ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये फ्रेंच नाटककार झाँ अनुईने लिहिलेली अँटिगनी रंगमंचावर आली. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटाच्या तुरुंगात कैद्यांनी हे नाटक केलं आणि त्यात नेल्सन मंडेलांनी क्रेऑनचं काम केलं. क्रेऑनचं, हे लक्षात घ्या. सत्ता हातात आल्यावर माणूस ऐकणं कसं बंद करतो ते त्यांनी आतून करून पाहिलं. आपल्याकडे क्रेऑन करणारा मुलगा बी.कॉम.ला आहे आणि त्याला पोलीस भरतीला जायचं आहे. त्याने हे काम केलेलं असावं, असं मला फार वाटतं.

शेवटची तक्रार सगळ्यांत लहान दिसते, पण पत्र लिहायला बसले ती हिच्यामुळे. नोटीस निघाली त्या संध्याकाळी महाविद्यालयातून अँटिगनी करणाऱ्या मुलीच्या घरी फोन गेला. ‘तुमची मुलगी काय करते आहे त्याच्याकडे लक्ष द्या.’ क्रेऑनच्या घरी फोन गेला नाही. हायमॉनच्या घरी गेला नाही, तो तर नाटकात बापाच्या अंगावर तलवार घेऊन धावतो. दोघे दिग्दर्शक मुलगे आहेत, त्यांच्याही घरी नाही. दहा जणांच्या नाटकात एकच घर तुम्हाला सापडलं. तिच्या वडिलांनी तिला दोन दिवस कॉलेजला पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वतः मोटारसायकलवरून तिला तालमीला सोडायला आले आणि दाराशी थांबून अर्धा तास बघत राहिले. काही बोलले नाहीत. जाताना विचारलं, ‘संपतं कधी? अंधार पडायच्या आत न्यायला येतो.’

माझ्या मागण्या:

संहिता एकदा मंजूर केली आहे, तेव्हा नाटक याच सत्रात, याच हॉलमध्ये, एकही ओळ न बदलता होऊ द्यावं. गॅदरिंग उरकलं आहे, हे मान्य. वेगळा दिवस द्या, शनिवार दुपार चालेल, मंडप नको, माईकसुद्धा नको.

कुठल्याही ओळीला हरकत असेल तर पान आणि ओळ लिहून कळवा, आणि मुलांना समोर बसवून त्यांचं ऐकून घ्या. ‘अनुचित’ या एका शब्दावर तीन महिन्यांची मेहनत मोडू नका. शिक्का मारलेली संहिता यापुढे मुलांचं म्हणणं ऐकल्याशिवाय परत घेतली जाणार नाही, असं लेखी द्या.

ज्या घरी फोन केला त्या घरी पुन्हा एकदा फोन करा आणि सांगा की तुमच्या मुलीने काही वावगं केलेलं नाही. हा फोन पहिला फोन करणाऱ्यानेच करावा. या मागणीत मी तडजोड करणार नाही.

कोणाचा राजीनामा मला नको. कोणाचं नाव मी घेतलेलं नाही, पुढेही घेणार नाही.

तालमी सध्या रोज साडेचार ते सहा, गणपतीच्या देवळाच्या सभामंडपात चालू आहेत. पुजारीबुवांनी जागा दिली, एका अटीवर, की माती झाडून जायची. समितीच्या सर्व सदस्यांना आग्रहाचं निमंत्रण आहे. पन्नास मिनिटं लागतात. खाली सतरंजी आहे, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी मी घरून दोन खुर्च्या आणून ठेवल्या आहेत.

कळावे,
आपली माजी सहकारी,
मराठी विभाग